सात आधी की चार?

‘बाबा, कार्ड बोगस आहे तुमचं.’ परवा शहाद्यात एका खिडकीपुढच्या रांगेत हे कानावर आलं आणि ठरवलेला विषय बाजूला पडला. धडगावकडचे म्हातारबाबा आधारचा नंबर दोन-दोन आकड्यांनी सांगत होते, आतला मुलगा टाइप करत होता. यंत्र म्हणालं, नंबर चुकीचा. ‘बोगस’ ही मुलाची पदरची भर. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार ज्या टेंभलीत दिलं गेलं, तिच्याच जिल्ह्यात हे!

आधारचे आकडे बारा असले तरी कामाचे अकराच; बारावा राखणदार, बाकीच्यांचा ताळा बघणारा. पहिल्या जागी शून्य किंवा एक येत नाही, म्हणजे ८,००० कोटी नंबर निघतात. देशाला पुरून उरतील. पण मला कौतुक राखणदाराचं.

आपले जुने दिवाणजी बेरजेला नवाचा ताळा लावत. आकड्यांची बेरीज करायची, नऊ टाकायचे, उरेल ते जुळवायचं. छान युक्ती, पण ४७ च्या जागी ७४ लिहिलं तर हा ताळा ढिम्म हलत नाही; दोघांचीही बेरीज अकराच. बँकेच्या कार्डावरचा ताळा जास्त हुशार, तरी ०९ चं ९० झालं की तोही फसतो. आधारचा ताळा याकोबस वेरहूफ या डच गणितज्ञाचा, १९६९ चा. त्याने साधी बेरीजच सोडली आणि पंचकोन घेतला. पाच फिरवण्या, पाच उलटण्या, मिळून दहा; एकेका आकड्याला एक. आधी फिरवून मग उलटा किंवा आधी उलटून मग फिरवा, उत्तर बदलतं. क्रमाला किंमत आली! त्यात जागेप्रमाणे आकड्यांची रूपंही तो बदलतो. म्हणून एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले, तर हा ताळा हमखास ओरडतो.

वेरहूफने डच टपालखात्यातल्या चुका तपासल्या होत्या. दहातल्या साधारण आठ एका आकड्याच्या, एक शेजारच्या अदलाबदलीची. आता गंमत बघा, डच माणूसही आपल्यासारखाच ‘सात आणि चाळीस’ म्हणतो. कानावर सात आधी, कागदावर चार आधी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांची टर उडवणाऱ्यांत आपलेही वाचक होते. पत्रं जपून ठेवली आहेत. आपल्या खिडक्यांवरच्या बऱ्याच चुका सत्तेचाळीस-चौऱ्याहत्तरच्याच असणार. मोजल्या नाहीत कुणी, पण माझी खात्री आहे.

बाबांचं कार्ड मी हातात घेतलं आणि एकेक आकडा वाचला. ‘चार. सात.’ लगेच झालं काम.

‘मग आधीच असं सांगायचं ना,’ मुलगा म्हणाला. बाबांना.