बर्फ उतारांना, पाणी कुणाला?

आकाशातून पडणाऱ्या बर्फाला बिल लागत नाही. यंत्रातून पडणाऱ्या बर्फाचे बिल कुणाला तरी भरावे लागते. १९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फ प्रथम वापरला गेला. २०२२ साली बीजिंगच्या स्पर्धा जवळजवळ सर्वस्वी त्याच बर्फावर पार पडल्या. एकेकाळचा आपद्धर्म आता नित्यधर्म झाला आहे.

फ्रान्सच्या आल्प्समधील ला क्लुझा या गावाने या बिलाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. तेथे सुमारे १ लाख ४८ हजार घनमीटर पाण्याच्या तलावाची योजना आखली गेली. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश पाणी स्कीच्या उतारांसाठी आणि उरलेले पिण्यासाठी! दुष्काळी उन्हाळा नुकताच सरला असताना, सप्टेंबर २०२२ मध्ये, प्रशासनाने तिला मान्यता दिली. विरोधकांनी जंगलात ठाण मांडले, न्यायालयात दाद मागितली. आणि ऑक्टोबरमध्ये ग्रेनोबलच्या प्रशासकीय न्यायालयाने मान्यतेला स्थगिती दिली. उतारांवरील बर्फाची हमी हे सार्वजनिक हित निसर्गरक्षणाच्या निकडीपुढे अपुरे ठरते, हा त्या निर्णयाचा आशय.

यंत्रांच्या समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नाही. बर्फ नसेल तर मालकाचा नफा घटतो, पण हंगामी कामगाराची चूल विझते. मात्र यंत्र ती चूल किती काळ पेटती ठेवणार? फवारलेले पाणी गोठण्यास थंडी लागतेच. म्हणजे तापमान वाढेल तसे हे औषधही निकामी होणार. युरोपातील २,२३४ स्की-केंद्रांचा २०२३ मधील अभ्यास सांगतो की, २ अंश तापमानवाढीत यंत्रांविना ५३ टक्के केंद्रांचा बर्फ अत्यंत धोक्यात येईल. निम्म्या उतारांवर यंत्रे बसविल्यास हे प्रमाण २७ टक्क्यांवर येईल. पण वाढ ४ अंशांवर गेली, तर यंत्रे असूनही ते ७१ टक्के होईल. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयानेही २०२४ मध्ये कृत्रिम बर्फाला तात्पुरते व अपुरे संरक्षणच ठरविले.

काश्मिरात गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. यंत्रांची मागणी तेथेही जोर धरू शकेल. तेव्हा हिशेब स्पष्ट असावा: पाणी आधी घराला आणि गोठ्याला, मग उताराला, आणि सार्वजनिक पैसा यंत्रमालकांच्या हंगामासाठी नव्हे, तर डोंगरातील श्रमिकांना बर्फाविना जगता येईल अशा रोजगारासाठी.