पिंपल्स, मेडिकलवाला आणि चार दिवसांचा चमत्कार

परवा ऑफिसातला एक ज्युनिअर डेस्कपाशी आला आणि हळूच म्हणाला, "तुझा चेहरा बराच क्लिअर झालाय रे. कुठली क्रीम लावतोस?" एरवी मला लोक सर्व्हर का पडला एवढंच विचारतात, त्यामुळे मी जरा सुखावलोच. पण एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हे सविस्तर.

'तारुण्यपिटिका' हा शब्द ज्याने काढला त्याला माझा साष्टांग नमस्कार. सत्ताविसाव्या वर्षीही माझं तारुण्य हनुवटीवरून उतरायला तयार नव्हतं. त्यात घरी स्थळं बघायला सुरुवात झाली. आई म्हणाली, "उष्णता वाढलीय, सब्जा घालून पाणी पी आणि बाहेरचा वडापाव बंद कर." मुलीकडे जायचा दिवस जवळ आला तसा मी घाबरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्यूब काढून दिली. "चार दिवसांत फरक पडेल." ना चिठ्ठी, ना काही विचारपूस.

आणि खरंच फरक पडला हो! लाली गेली, चेहरा उजळला. पोह्यांचा कार्यक्रम पार पडला (स्थळ जमलं नाही, पण त्यात पिंपल्सचा दोष नव्हता). मी मात्र ट्यूब लावतच राहिलो. तीन महिन्यांनी गावी जाताना ती विसरलो, आणि दोन-तीन दिवसांत चेहरा लालभडक, नुसती आग, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी मुरुमं. पुन्हा लावली की शांत. बंद केली की परत तेच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. दोनशे ओळींचा एरर लॉग वाचणारा मी, रोज तोंडाला काय फासतोय ते एकदाही वाचलं नव्हतं. त्यात होतं बीटामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड.

स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं. मूळ कारण तिथंच राहतं. अलार्म बंद करून सर्व्हर ठीक चाललाय असा रिपोर्ट द्यावा, तसलाच प्रकार. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि गंमत म्हणजे त्यानेच नवीन मुरुमं येतात. हा त्रास आपल्याकडे इतका वाढला की २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझी ट्यूब त्यानंतरची आहे. काय ते समजा.

माझं स्पष्ट मत आहे की आपला शत्रू पिंपल नाही, आपली घाई आहे. मुरुम होतं ते त्वचेतलं तेल आणि मृत पेशी मिळून छिद्र तुंबल्यामुळे. मग आत जंतू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे तो स्क्रबने घासून काय उपयोग? उलट त्वचा चिडते. टूथपेस्ट आणि लिंबाचंही तेच. आणि फोडलं तर आपल्या सावळ्या त्वचेवर डाग महिनोन्‌महिने राहतो.

मग मी करतो काय? अगदीच कंटाळवाणं. सकाळ-संध्याकाळ साधा, सौम्य फेसवॉश. दिवसातून पाच वेळा तोंड धुणं बंद. चेहरा तेलकट असला तरी हलकं, 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं मॉइश्चरायझर. बाहेर पडताना ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, कारण उन्हाने डाग अजून गडद होतात. रात्री डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापलीन, वाटाण्याएवढं, एकेका पुळीवर नाही तर सगळ्या भागावर पातळ. (गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे लावू नका, डॉक्टरांना आधी सांगा.) बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं असेल तर २.५ टक्केवालंही बहुधा पुरतं, जास्त टक्क्याने आग मात्र जास्त होते. आणि हो, त्याने टॉवेलचा रंग उडतो. माझा एक चांगला निळा टॉवेल त्यात गेला :-)

शिवाय डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, आणि हेल्मेटचं अस्तर व पट्टा धुवायचा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या हनुवटीचा अर्धा गुन्हेगार तो पट्टाच होता. हेल्मेट सोडू नका, धुवा!

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार कसं? आणि आठ ते बारा आठवडे थांबा. अ‍ॅडापलीनने सुरुवातीला चेहरा थोडा बिघडतोही. मी तिथेच दोनदा हार मानणार होतो. गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील किंवा तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर थेट डॉक्टर. मुलींची पाळी अनियमित असेल तर तेही त्यांना सांगा.

हे सगळं ऐकून ज्युनिअरचा चेहरा पडला. "बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय रे, एवढा वेळ कुठाय?" मी म्हटलं, "सध्या काय लावतोस ते दाखव." त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. कंपनी वेगळी होती, बारीक अक्षरांतलं नाव तेच.

सोमवारी तो डॉक्टरांकडे जाणार आहे. तुम्हीही आज घरातल्या ट्यूबा काढा आणि मागचं वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसलं तर डॉक्टरांना विचारा. मनानेच एकदम बंदही करू नका, त्याने काय होतं ते मी भोगलंय. लग्नाच्या फोटोत दोन पुळ्या दिसल्या तर दिसू देत. चेहरा त्या अल्बमपेक्षा जास्त वर्षं वापरायचाय.