पीठ की मीठ?
‘मीठ कमी करा,’ असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं आणि आमच्या शेजारच्या काकूंनी, त्यांच्या ओठांकडे टक लावून, मान डोलावली. काकूंना जन्मापासून ऐकू येत नाही. घरी आल्यावर आठवडाभर भाकरी निम्मी झाली; लोणचं-पापड मात्र ताटात जिथल्या तिथे! आरशासमोर उभं राहून ‘मीठ’ आणि ‘पीठ’ म्हणून बघा, ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात. ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांहून अधिक लोक देशात आहेत, असं २०११ची जनगणना सांगते. दर सप्टेंबरात पोषण महिना साजरा होतो, भाषणं झडतात, पण सांकेतिक भाषेचा दुभाषी व्यासपीठावर अभावानेच दिसतो. ‘पत्रक दिलंय की,’ हे उत्तर पुरेसं नाही. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा खुणांची, छापील मराठी दुसरी. पाककृतीच्या प्रात्यक्षिकात तर आणखी पंचाईत. बोलता बोलता भाजी चिरली, तर बघणाऱ्यानं सुरी बघावी की दुभाष्याचे हात? आधी सांगा, थांबा, मग चिरा. ‘चवीपुरतं’ म्हणू नका, चमचा दाखवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१मध्येच १० हजार शब्दांवर गेला. शब्दांचा तुटवडा नाही, ते वापरणारे हात हवेत. तूर्तास काकूंच्या ओट्यावर मी एक चित्र चिकटवलंय: माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. भाकरी पूर्ववत झाली आहे, पापड मात्र रुसलेत.