दोन टोप्या आणि एक गिटार

१९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. वाजवणं विसर, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. कारखान्यातल्या साहेबाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी होऊनही जँगो गिटार वाजवत राहिला होता.

पुढचा उद्योग आयोमीने घरीच केला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या आणि त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टोपीखालच्या बोटाला तार जाणवत नाही. किती जोर लावायचा, किती खेचायची, हे सगळं कानाने ठरवायचं. त्याच्या वादनातला तो संथ, भारदस्त कंप या सवयीतून आला, असं मला वाटतं.

अपघातामुळे तारा ढिल्या केल्या आणि त्यातून हेवी मेटल जन्मलं, ही गोष्ट आता पाठ झाली आहे. ती अर्धीच खरी. आयोमीच्या ‘ब्लॅक सबाथ’ या गटाचे १९७० सालचे दोन्ही अल्बम नेहमीच्याच पट्टीत आहेत, तारा तीन पट्ट्या खाली उतरल्या त्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त. जडपणा आधीच आलेला होता. गटाच्याच नावाच्या पहिल्या गाण्यात मूळ रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी सुरावट, तीन सुरांची: षड्ज, वरचा षड्ज आणि तिथून खाली तीव्र मध्यम. आपल्याकडे यमन-मारव्यात संध्याकाळ उजळणारं हे अंतर युरोपात अशुभ मानलं गेलं. आयोमीने ते मधले सूर गाळून, उघडंच ठेवलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि लोकांनी रेकॉर्ड विकत घेतली.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हे व्याकरण सगळ्यांनी उचललं. मेटालिका, पँटेरा, साउंडगार्डन, डूम आणि स्टोनर म्हणवणारे असंख्य गट. यादी लांबवण्यात अर्थ नाही. आयोमीची गिब्सन एसजी गिटार बाजारात मिळते, त्याचे लेनीचे अँप्लिफायर मिळतात, रिफही सोप्या आहेत. शिकाऊ पोरगं दुपारभरात बसवतं. तरी वाजतं ते वेगळंच. नक्कल करणारे वेग आणि आवाजाचा फाटकेपणा वाढवत गेले. दोन ठोक्यांमधली आयोमीची सबुरी फार थोड्यांना जमली.

आपल्याकडे ब्लॅक सबाथ म्हटलं की गायक ऑझी ऑस्बोर्न आठवतो, आणि तो आठवावाच. पण १९७९मध्ये ऑझीला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला, १९८०मध्ये ‘हेवन अँड हेल’ निघाला. गळा बदलला, गाण्यांचे विषय बदलले. गट मात्र पहिल्या रिफला ओळखू येत होता. पुढे गायक, ड्रमर, बेसवाले कितीतरी आले-गेले. प्रत्येक अल्बमवर एकच माणूस कायम आहे: टोनी आयोमी.