कडक म्हणजे स्थिर नव्हे!

वळण घेताना चाकाखाली उंचवटा आला आणि गाडीचं नाक भलतीकडे गेलं, की आपल्या हॉस्टेलवर त्याला एकच औषध असतं - "सस्पेंशन कडक कर!" जाड स्प्रिंग टाका, शॉकअप बदला, गाडी दोन इंच खाली बसवा. मेसमध्ये हेच, टेरेसवर हेच, आणि कॉलेजच्या रेसिंग कारच्या टीम मीटिंगमध्येसुद्धा हेच. माझं मत साफ उलटं आहे. अशी गाडी बहुतेक वेळा कडक करून नाही, तर मोजून सुधारते. आणि मोजायला लागणारं सामान आपल्या वर्कशॉपच्या कपाटात पडून आहे.

आधी रोग समजून घेऊ. पुढचं चाक वर-खाली होतं तेव्हा ते विशबोनच्या टोकाला धरून एका कमानीत फिरतं. त्याच चाकाला धरलेला टाय रॉड स्वतःच्या कमानीत फिरतो. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळ वर जातं. जुळल्या नाहीत तर टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि ड्रायव्हरने स्टीअरिंग न हलवताच चाक वळतं! यालाच बंप स्टीअर म्हणतात. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर दोघांचं वळणं बरंचसं एकमेकांना काटतं, म्हणून तिथे दोष लपतो. वळणावर मात्र बाहेरचं चाक दबलेलं, आतलं सुटलेलं. दोघांचं वळणं एकाच दिशेला जमा होतं. त्यात बाहेरच्या चाकाखाली, म्हणजे जिथे सगळा भार आहे तिथे उंचवटा आला, की गाडी आपल्या मनाने चालते. हाच प्रकार मागच्या चाकांना झाला तर विचारूच नका, शेपूट सरळ बाहेर!

आता सांगा, जाड स्प्रिंगने यातलं काय बरं होतं? चाक थोडं कमी हलतं म्हणून दोष थोडा कमी दिसतो, एवढंच. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून. स्प्रिंग फार कडक असली तर उंचवट्यावरून चाक उडतं, आणि हवेतल्या टायरला पकड शून्य. शॉकअपचं रिबाउंड फार कडक केलं तर पुढच्या उंचवट्यापर्यंत चाक खाली परततच नाही. गाडी हळूहळू बसत जाते आणि बंप स्टॉपवर आपटते. स्प्रिंग कापून गाडी खाली केली तर स्टॉप आधीच जवळ आलेला असतो. भर वळणात तो लागला की त्या बाजूची कडकपणा एकदम वाढते आणि त्या टोकाची पकड सुटते. शिवाय गाडी खाली बसवल्याने विशबोन आणि टाय रॉडचे कोन बदलतात ते वेगळंच. म्हणजे औषधानेच रोग वाढला!

हे माझ्या मनाचं नाही, इतिहास बघा. ब्रिटनची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये आली. तिच्या मागच्या चाकांना स्विंग अॅक्सल होता. जोरात वळताना ड्रायव्हरने अचानक अॅक्सिलरेटर सोडला किंवा उंचवट्याने गाडी उचलली गेली, की मागचं चाक आत दुमडायचं आणि गाडी गर्रकन फिरायची. कंपनीने १९७० च्या मार्क फोर मॉडेलमध्ये काय केलं? मागचे पाटे जाड केले का? नाही! आडव्या पाट्यांपैकी बरेचसे मधोमध फिरू दिले, म्हणजे कलताना मागची बाजू उलट मऊ केली, आणि पुढचा अँटी-रोल बार जाड केला. गाडी सुधारली. स्पिटफायर ज्या हेराल्डवरून निघाली ती हेराल्ड आपल्याकडेही होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने ती १९६१ पासून बनवली. तिचा स्विंग अॅक्सल आपल्या मालकांना आणि मिस्त्रींना फारसा रुचला नाही, आणि १९७२ च्या स्टँडर्ड गझेलमध्ये मागे साधा सरळ अॅक्सल आला. दोन देश, दोन उपाय, पण दोन्हीकडे बदलली ती चाकाची वाट, नुसता कडकपणा नाही.

आता आपल्या घरचं. आमच्या टीमची फॉर्म्युला कार कॅन्टीनच्या वळणावरच्या ठिगळावर नाक मारायची. निम्मी टीम म्हणाली, इम्पोर्टेड शॉकअप मागवू. मी म्हणालो, आधी मोजू. मी राहणारा मस्तगडचा. जालन्याला आमच्या घराजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कॉम्प्युटरवाल्या अलाइनमेंटच्या जमान्यातही चाचा आधी गाडीला दोन्ही बाजूंनी दोरी लावतात, फूटपट्टी धरतात, मगच पान्याला हात घालतात. त्यांचं एक वाक्य मी पाठ केलंय : "बेटा, पहले नाप, फिर खोल." तेच आम्ही केलं.

कृती सोपी आहे. गाडी स्टँडवर घ्या, स्प्रिंग काढा, स्टीअरिंग मधोमध बांधून टाका. हबला एक सपाट पट्टी बोल्ट करा आणि तिच्यावर एकमेकांपासून ३०० मिमी अंतरावर दोन डायल गेज टेकवा. जॅकने चाक ५-५ मिमी वर-खाली करा आणि दोन्ही गेजांतला फरक लिहा. १ मिमी फरक म्हणजे साधारण ०.१९ अंश. आमच्या गाडीत चाक २५ मिमी उचलल्यावर फरक आला ३ मिमी, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त! आलेख काढला तर तिरकी सरळ रेघ. इथे एक सूत्र लक्षात ठेवा : तिरकी सरळ रेघ आली तर टाय रॉडची उंची जुळत नाही, वर आणि खाली दोन्हीकडे एकाच बाजूला वाकलेली रेघ आली तर लांबी जुळत नाही. शोधलं तेव्हा कळलं, आधीच्या एका बॅचने ड्रायव्हरच्या पायांना जागा व्हावी म्हणून रॅक ऐनवेळी खाली घेतली होती. ती ९ मिमी वर उचलली, पेडल थोडे पुढे सरकवले. फरक राहिला अर्धा मिमी. खर्च? दोन पॅकिंग प्लेट आणि चहा! कॅन्टीनच्या वळणावर नाक आता जागेवर राहतं.

काही जण म्हणतील, सॉफ्टवेअरमध्ये सगळं बरोबर दिसत होतं. दिसणारच! पण आपण सॉफ्टवेअर चालवत नाही, वेल्डिंग केलेली गाडी चालवतो, आणि वेल्डिंगने ब्रॅकेट ओढला जातो. दुसरे म्हणतील, खऱ्या रेसिंग कार तर कडकच असतात. असतात, पण त्यांचे ट्रॅक गुळगुळीत असतात आणि वेगात हवा त्यांना खाली दाबते. आपल्या छोट्या गाडीला ते भाग्य नाही. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांतसुद्धा चाकाला सुमारे ५० मिमी हालचाल हवीच असं बरीच वर्षं सांगितलंय, ते उगाच नाही. शॉकअप कधीच बदलू नये असंही माझं म्हणणं नाही. भूमिती जुळली, चाक स्टॉपला लागत नाही याची खात्री झाली, मग खुशाल शॉकअपकडे वळा. क्रम महत्त्वाचा.

म्हणून टीमला आणि सरांना एक विनंती. सस्पेंशनचा कुठलाही पार्ट मागवायच्या अर्जाला मोजमापाचा कागद जोडणं सक्तीचं करावं. कागद नाही, तर सही नाही. वर्कशॉप परीक्षेनंतर आठवड्यातून दोन रात्री उघडं ठेवावं. फर्स्ट इयरच्या मुलांना नुसते नट घट्ट करायला न लावता गेज वाचायला बसवावं. आणि जे मित्र मारुतीची स्प्रिंग कापून हायवेवर निघतात त्यांना एवढंच सांगणं, की ट्रॅकवर आपल्याला हेल्मेट आणि रोल केज असतो, हायवेवर समोरून येणाऱ्या माणसाला यातलं काहीच नसतं.

स्पॉन्सरचा पैसा एकदाच मिळतो. ड्रायव्हरच्या सीटवर आपलाच रूममेट बसलेला असतो. त्याला "कडक गाडी दिलीय" असं सांगण्यापेक्षा "मोजून दिलीय" असं सांगता आलं पाहिजे. बघा पटतंय का!