कूलरच्या मागचे घरटे

प्रतिनिधी / सिंदी (मेघे), वर्धा

मार्च सरू लागला की विदर्भात घरोघरी एकच लगबग सुरू होते. वर्षभर झाकून ठेवलेले कूलर पुसले जातात, गवताच्या जाळ्या बदलल्या जातात, टाकीत पाणी भरून मोटार फिरते की नाही ते पाहिले जाते. वर्धा शहराला खेटून वाढलेल्या सिंदी (मेघे) परिसरातील फ्लॅटमध्ये या लगबगीला अलीकडे एक अनपेक्षित अडथळा येतो. बाल्कनीतला कूलर उघडायला जावे, तर त्याच्या मागच्या फटीत चार काड्या, विष्ठेचा थर आणि त्यावर दोन पांढरी अंडी. अंगावर धावून न येणारी, पण जागाही न सोडणारी कबुतराची मादी टक लावून पाहत असते. कूलर सुरू करायचा की महिनाभर थांबायचा, हा प्रश्न घरापुढे उभा राहतो.

वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना, घरात दम्याचा रुग्ण किंवा वृद्ध आईवडील असताना तो किरकोळ राहत नाही. एका घरात अंडी फेकून देण्यावरून पती-पत्नीत वाद होतो, दुसऱ्या घरात वरच्या मजल्यावरून टाकल्या जाणाऱ्या ज्वारीमुळे शेजाऱ्यांत अबोला धरला जातो. जीवदया की आरोग्य, अशी या वादाची मांडणी केली जाते. ती अपुरी आहे, हे मुंबईतील घडामोडींनी दाखवून दिले आहे.

मुंबईचा धडा

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने विधान परिषदेत मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा केली आणि दीर्घकाळ धुमसणारा विषय पेटला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सार्वजनिक आरोग्याचा मुद्दा महत्त्वाचा मानून न्यायालयाने बंदी झुगारून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्याचे निर्देश दिले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला. ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती ताडपत्री फाडली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये महापालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली परिसरातील चार जागी सकाळच्या ठरावीक वेळेत दाणे टाकण्यास तात्पुरती मुभा दिली.

या साऱ्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, वर्षानुवर्षे दाण्यावर पोसलेली पक्ष्यांची संख्या एका आदेशाने कमी होत नाही. दुसरी, श्रद्धेचा आणि श्वासाचा प्रश्न रस्त्यावर आला की तारतम्याने बोलणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही. ज्या महापालिकेचा अर्थसंकल्प कित्येक हजार कोटींचा आहे, तिची ही गत झाली. सिंदी (मेघे)सारख्या शहरालगतच्या वस्तीत तर सारा भार रहिवाशांच्या समजूतदारपणावरच पडतो. इथे संख्या अजून हाताबाहेर गेलेली नाही, ही मात्र जमेची बाजू आहे.

कबुतरच का?

कबुतर म्हणजे मूळचा पारवा. कडेकपारीत राहणारा हा पक्षी. खेड्यांत जुन्या विहिरींच्या भिंतींतील खोबणी, गढ्यांचे बुरूज आणि देवळांचे कळस ही त्याची ठिकाणे. झाडाच्या फांदीवर तो सहसा घरटे बांधत नाही. त्याच्या दृष्टीने चार मजली इमारत हा आयता कडा आहे. खिडकीवरचा छज्जा, पाइपांची पोकळी, कूलरचा लोखंडी स्टँड या त्याच्या कपारी. त्यात गच्चीवर धान्य आणि टाकीचे गळके पाणी मिळाले की त्याला आणखी काही लागत नाही.

त्याच्या वाढीचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मादी एका वेळी साधारणतः दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे अठरा दिवस ती उबवतात. पिल्लांना दोघेही गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य भरवतात आणि साधारण महिनाभरात पिल्ले उडण्याजोगी होतात. म्हणजे मार्चच्या मध्याला अंडी दिसली, तर बाल्कनी मोकळी व्हायला मे उजाडतो. शिवाय कबुतराला ठराविक विणीचा हंगाम नाही. अन्न मुबलक असेल तर आधीची पिल्ले उडण्यापूर्वीच पुढची अंडी पडतात. 'एवढी पिल्ले उडू देत' म्हणणाऱ्या घरात घरटे वर्षभर रिकामे का होत नाही, याचे उत्तर इथे आहे.

बाल्कनीत येणारे सगळेच पक्षी असे नसतात. होला कुंडीत किंवा टांगलेल्या दिव्यावर काड्या रचतो, लालबुड्या बुलबुल वेलीत वाटीसारखे घरटे विणतो, शिंजीर कपड्यांच्या तारेला झोळी टांगतो, तर चिमणी मीटरच्या पेटीमागे शिरते. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत त्यांचा मुक्काम साधारणतः महिनाभराचा किंवा त्याहूनही कमी असतो. त्यांचे थवे जमत नाहीत की विष्ठेचे थर साचत नाहीत. त्यांच्यासाठी चार आठवडे बाल्कनीचा एक कोपरा सोडणे, हा सौदा कोणत्याही घराला परवडणारा आहे. कबुतराचा राग या पाहुण्यांवर काढला जाऊ नये.

छातीचा प्रश्न

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ सतत श्वासावाटे जात राहिली, तर काही व्यक्तींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वेळीच निदान झाले नाही, तर फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात. प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. मात्र, कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही आणि कोरडा खोकला व जिने चढताना लागणारी धाप या लक्षणांकडे दुर्लक्ष होते.

याबाबत विदर्भाने विशेष लक्ष द्यावे अशी एक नोंद आहे. भारतातील १९ शहरांमधील २७ रुग्णालयांतून १०८४ रुग्णांची माहिती घेऊन केलेला फुप्फुसविकारांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना याच ॲलर्जीजन्य प्रकारचा विकार आढळला आणि अशा रुग्णांपैकी ४८.१ टक्के जणांचा कूलरशी संपर्क होता. कूलरच्या ओल्या गवतावर वाढणारी बुरशी हाही या रोगाचा मोठा संशयित आहे. तेव्हा सारे खापर कबुतरांवर फोडून मागच्या वर्षीचेच कुजके गवत वापरत राहणे, ही स्वतःची फसवणूक ठरेल. त्यातही कूलर बाहेरची हवा खेचून खोलीत सोडतो. त्याच्या तोंडाशीच घरटे असेल, तर दोन्ही धोके एकाच वाटेने घरात येतात.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती मर्यादित नाही. रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला उपद्रव देणे याचाही तीत समावेश आहे. जुन्या चौथ्या परिशिष्टात कबुतरकुळाला संरक्षण देताना पारव्याला मात्र नावानिशी वगळले होते. पारवा कायद्याबाहेर, हा समज तिथून रुजला. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची नव्याने मांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. त्यामुळे जुन्या यादीच्या भरवशावर अंड्या-पिल्लांना हात घालण्यापूर्वी वनविभागाला विचारणे शहाणपणाचे. शिवाय जिवंत पिल्ले खाली फेकणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या आणि साध्या माणुसकीच्याही विरुद्ध आहे.

नीलपंखाच्या गावात

या प्रश्नाला वर्ध्यात आणखी एक पदर आहे. २०१८ मध्ये वर्ध्याने शहरपक्षी निवडण्यासाठी चक्क निवडणूक घेतली. 'बहार नेचर फाउंडेशन' या पक्षीमित्रांच्या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या या उपक्रमात हजारो नागरिकांनी मते दिली आणि नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तोच हा पक्षी. तारेवर बसून शेतातले किडे टिपणारा आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करणारा.

देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पारव्यांच्या संख्येत मोठी वाढ झाली आहे. नीलपंख मात्र ज्या पक्ष्यांच्या घटत्या संख्येमुळे त्यांच्या धोक्याच्या वर्गवारीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करण्यात आली, त्यांत मोडतो. ज्या गावाने नीलपंखाला मत दिले, त्याच गावात जुनी झाडे तोडून उभ्या राहणाऱ्या इमारती पारव्याला घर देत आहेत. गच्चीवर मूठभर दाणे टाकून पक्षीप्रेमाचे पुण्य मिळते असे मानणाऱ्यांनी या आकड्यांकडे पाहायला हवे. पक्ष्यांची खरी सेवा ढोली असलेले एखादे बाभळीचे वा कडुनिंबाचे झाड वाचवण्यात आहे.

तोडगा फेब्रुवारीत

मग कूलरमागच्या त्या दोन अंड्यांचे काय करायचे? ती पडलीच असतील, तर पिल्ले उडेपर्यंत त्या बाल्कनीचे दार बंद ठेवणे, कूलर दुसऱ्या खिडकीला लावणे आणि घरातील दम्याच्या रुग्णाची खोली बदलणे हा मार्ग आहे. पिल्ले उडताच, पुढची अंडी पडण्याआधी, घरटे काढून टाकावे. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडावर मास्क लावून ती खरवडावी. घरात कोणाला आधीच धाप लागत असेल, तर मात्र थांबू नये. डॉक्टरांचा आणि वनविभागाचा सल्ला त्याच आठवड्यात घ्यावा.

खरा तोडगा मात्र फेब्रुवारीतला आहे. कूलरमागची फट तेव्हाच बंद करावी, पहिल्या दोन-चार काड्या दिसताच त्या रोज उचलाव्यात. जाळी लावायची तर ती ताणून बसवावी, कारण सैल जाळीत पक्षी अडकून तडफडतात. गच्चीवर दाणे टाकायचे नाहीत, हा निर्णय सोसायटीच्या बैठकीत सर्वांनी मिळून घ्यावा. नव्या इमारतींच्या आराखड्यातच कूलरची व पाइपांची जागा बंदिस्त ठेवली, तर निम्मे भांडण मिटते.

दादरला ताडपत्री टाकावी लागली, कारण तिथे वेळ निघून गेली होती. सिंदी (मेघे)त ती वेळ अद्याप यायची आहे.