बर्फ सरबतवाल्याकडे

पोराच्या डोक्यावर हेल्मेट चढलं की आईबाप निर्धास्त होतात, हे मला अलीकडे फार खुपायला लागलंय. माझ्या गुडघ्याच्या तक्रारींमुळे मी आता मैदानावर फक्त बघायला जातो. आणि बघणाऱ्याला जरा जास्तच दिसतं.

२०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याला चेंडू लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू खाली मानेला लागला आणि पंचविशीतला पोरगा गेला. मानेचं संरक्षण करणारे गार्ड त्यानंतर चर्चेत आले. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घ्यायची मुभा आयसीसीने २०१९ मध्ये दिली. इंग्लंडच्या मंडळाने तर कोवळ्या वेगवान गोलंदाजांनी एका दमात आणि दिवसभरात किती षटकं टाकायची यावरही बंधन घातलंय, कारण वाढत्या वयात कंबरेच्या हाडाला चीर पडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे बंधन एकच, विकेट मिळेपर्यंत टाकायची. गेल्या रविवारी नातवाच्या मॅचला गेलो होतो. बारा वर्षांखालची पोरं. एक हडकुळा पोरगा एका टोकाने जो सुटला तो थांबेचना. शेवटी रनअप संपताना कंबरेवर हात ठेवून उभा राहायला लागला. मी सरांना म्हटलं, "त्याला जरा विश्रांती द्या." सर म्हणाले, "काका, तोच तर काढतो विकेट!"

ड्रिंक्सचा ब्रेक झाला. माझी अशी समजूत होती की तो पाणी प्यायला असतो. छत्रीखालचे सगळे बाबा आत घुसले आणि ज्याने त्याने आपल्या पोराला बॅकफूट समजावायला सुरुवात केली. नातवाची बाटली भरलेलीच परत आली. ऊन असं की बसून राहिलेल्या मला घेरी येत होती.

त्यात मुंबईची मैदानं. एका मैदानावर डझनभर खेळपट्ट्या, आपल्या कव्हरचा क्षेत्ररक्षक शेजारच्या मॅचच्या मिडविकेटला पाठ करून उभा. हेल्मेट असतं बॅट्समनला, पण शेजारचा चेंडू काही विचारून येत नाही. तसाच एक आला आणि आमच्या एका पोराच्या कानामागे बसला. नेमका तेव्हाच तो आपल्या मॅचचा कॅच घ्यायला वर बघत होता.

सरांनी प्रथमोपचाराची पेटी मागवली. पेटीला कुलूप, किल्ली शाळेत. कुणीतरी कुलूप उचकटलं. आत कापूस, सुकलेली मलमाची ट्यूब, एक कात्री आणि गेल्या वर्षीची न वाटलेली प्रमाणपत्रं. बर्फ कुठे मिळणार? फाटकापाशी लिंबूसरबतवाला. त्याने काही न विचारता फडक्यात बांधून दिला. पैसे घेईना. म्हणाला, "मॅचच्या दिवशी लादी जास्तच आणतो, साहेब. कुणी ना कुणी येतंच." स्पर्धेच्या आयोजक समितीत या माणसाला घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्या सभासदांपैकी कुणाच्याही डोक्यात बर्फ आला नव्हता.

सरांनी पोराला दोन बोटं दाखवली, त्याने दोन म्हटलं, परीक्षा पास. मी म्हटलं, "अहो, उलटी, डोकेदुखी काही तासांनीही सुरू होते. आज बसवा त्याला, डॉक्टरला दाखवा." सर म्हणाले, "काका, माणूस कमी पडेल." बारावा खेळाडू तंबूत वडापाव खात होता. त्याला उठवलं, तर तो आनंदाने पळाला.

एवढ्यात जखमी पोराचे बाबा गर्दीतून धापा टाकत आले. कानामागे हात लावून बघितला, बर्फ नीट धरला आणि विचारलं, "कॅच घेतलास की सुटला?"

सुटला होता. त्यावर मग बराच वेळ बोलणं चाललं.